तात्या हवालदारांचा फळा

रहिमतपुरात तात्या हवालदारांना पहाटे जाग आली, की ती वार्ता देवाच्याही आधी फळ्याला कळत असे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पिठाची गिरणी घातली, दाराशी काळा फळा टांगला, आणि त्यावर रोज स्वतःचे वर्तमान खडूने लिहू लागले. ‘उठलो. गुडघा दुखतो.’ दुसऱ्या दिवशी, ‘वांगं खाल्लं. चूक झाली.’ एवढेच.

“वायरलेसवर शिकलोय, शास्त्रीबुवा,” ते मला म्हणत. “लांब लिव्हलं की मानूस पुढं जातो. कमी बोला, ओव्हर!”

खाली मोकळी जागा सोडून ते खडूही तेथेच ठेवीत. गुडघ्याच्या बातमीखाली दुपारपर्यंत उत्तरे साचली : ‘एरंडाचं पान बांधा.’ ‘पानानं काय हुतंय? मोहरीचं तेल लावा.’ ‘दोन्ही लावा, पन गिरणी चालू करा, दळण खोळंबलंय.’

हे लोण पसरले. न्हाव्याने फळा टांगला : ‘गर्दी न्हाई. या.’ किराणावाल्याने टांगला. त्या वर्षी फळे वाचता वाचता साऱ्या पेठेची मान एका बाजूला वळलेली असे.

ज्ञानदानास हे क्षेत्र उत्तम, असे मनात आणून मीही तात्यांच्या अनुमतीने एक सुभाषित सार्थ लिहिले. सायंकाळी खाली एकच प्रतिसाद होता : ‘थोडक्यात सांगा.’ अर्धा श्लोक एका शेळीने अंग घासून नेला होता.

तात्यांनी माझे सांत्वन केले. “श्लोक लय भारी हाय. पन लोकांस्नी तुमचा गुडघा पायजे.”

एवढी उत्तरे येत, तरी तात्या प्रत्येक ओळ चष्मा लावून वाचीत आणि उदास होत. त्याचे कारण पेठेला ठाऊक होते. त्यांची थोरली बहीण, आक्का, गावातच दिलेली. वडिलांच्या जमिनीवर तात्यांनी तिची हक्कसोड घेतली, तीही परेडीवर हुकूम सोडावा तशा आवाजात. आक्काने अंगठा उठवला नाही, स्वच्छ सही केली, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणे सोडले. भाऊबीजेला तात्यांचा पाट रिकामा राही. दूध घालायला ती सकाळ-संध्याकाळ गिरणीवरूनच जाई. फळ्यापाशी पाऊल किंचित मंदावे, इतकेच.

मी एकदा म्हणालो, “तात्या, समक्ष जाऊन क्षमा मागावी. शास्त्रही तेच सांगते.”

“आवं, गेलतो की! जमीन परत नावावर करतो म्हनून सांगाय गेलतो. पन तोंड उघडलं की माझा हवालदार बाहेर पडतो. तिनं दार लावलं.” ते खडू बोटांत फिरवीत राहिले. “खडूला आवाज नसतो, शास्त्रीबुवा.”

पुढे तात्यांना ज्वर आला. तशा स्थितीतही भिंतीला धरून त्यांनी लिहिले : ‘ताप हाय. जेवण जात न्हाई.’ गाव धावले. ‘काढा घ्या.’ ‘डॉक्टरकडं चला, गाडी आणतो.’ ‘तुमी पडून ऱ्हावा तात्या, गिरणी आमी बघतो.’ तात्यांनी सारे वाचले आणि घोंगडीत शिरले.

दुसऱ्या सकाळी मी विचारपूस करण्यास गेलो, तो फळ्याच्या अगदी तळाशी, दाबून लिहिलेली एक ओळ दिसली : ‘पेज पी रं. हट्ट करू नगंस.’

गावात तात्यांना ‘रं’ म्हणणारे एकच माणूस उरले होते.

त्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज घेतली. सायंकाळी अवकाळी सर आली, म्हणून मी लगबगीने गिरणीकडे गेलो. तात्या रस्त्यात उभे होते. छत्री फळ्यावर धरलेली, स्वतः मात्र नखशिखांत भिजलेले.

“तात्या, अंगात ज्वर आहे, आत चला!”

“हळू बोला,” ते म्हणाले. इतका मऊ आवाज त्यांच्याकडे आहे, हे मला त्या दिवशीच कळले. “आक्का डेरीवरनं येतीया. पुसलं न्हाई, हे तिला दिसाय पायजे.”