बदकाला साबुदाणा, हंसाला मिरी

वाघमारेदादांच्या स्वयंपाकघरात दोन बरण्या आहेत. एकीवर 'बदक' लिहिलंय, दुसरीवर 'हंस'. पहिलीत साबुदाणा, दुसरीत मिरी. एकदा मी मिरी मागायला गेले, तर दादांनी मोजून दहा दाणे दिले आणि म्हणाले, "ताई, हे सँपल आहे. उरले तर परत आणा."

दादा आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर. बहरीनमध्ये हमद टाउनला आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर एकटे राहतात. आमचे अरबाब, म्हणजे मालक, दर हिवाळ्यात परदेशी शिकारीला जातात आणि तिथे घ्यायच्या काडतुसांची यादी दादांकडून करून घेतात. दादांनी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही. शुक्रवारी बुद्धवंदनेला बसले की प्राणिहिंसा न करण्याचं पहिलं शील तेच सर्वांत मोठ्याने म्हणतात, आणि रविवारी ऑफिसात बसून छर्रे निवडतात.

"हे तुमच्या शीलात बसतं का?" मी एकदा विचारलंच.

"अरबाब मारणारच आहे, ताई. मी निदान नंबर बघतो. नंबर चुकला की खलास."

नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा. शिसं तर नकोच. पाण्यात पडलेले शिशाचे दाणे बदकं खडे समजून गिळतात आणि विषाने मरतात. स्टील चालतं, पण ते हलकं, म्हणून दाणा मोठा घ्यायचा. बदकाला दोन नंबर, रानहंसाला त्याहून मोठा, बीबी नावाच्या मापाचा. साबुदाणा आणि मिरी त्याच मापाचे, स्टोअरमधल्या व्हर्नियर कॅलिपरने मोजून निवडलेले.

यादी टाइप करायचं काम माझं. 'काडतूस' हा शब्द ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उमटला की मी आधी मागे वळून बघायचे. मी त्या फाइलला 'स्टेशनरी' असं नाव दिलं होतं.

या जानेवारीत दादा सुट्टीवर निघाले. दुसऱ्या दिवशी नागपूरला वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. गेल्या वर्षी वहिनी तीन दिवस आयसीयूत होत्या. दादा पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ही फ्लाइट चुकून चालणार नव्हती.

एअरपोर्टला सोडायला मी होते. सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकासाठी माझी यादी असते. पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड, गॅस बंद, खिसे रिकामे, वेग मर्यादेत. पहिल्या राउंडअबाउटजवळ गाडी कडेला घेऊन मी ती वाचते.

"खिसे?"

"रिकामे."

"कोटाचे?"

नागपूरच्या थंडीसाठी अरबाबांनी त्यांचा शिकारीचा जुना कोट दिला होता. दादा चाचपू लागले. कोटाला खिसे संपेनात. सातव्यातून लाल नळी निघाली, बुडाला पितळ. न उडालेलं काडतूस.

हे स्कॅनरमध्ये दिसलं असतं तर? आता गाडीत कोणी पाहिलं तर? फेकावं तर कुठे? कॅमेरे काय फक्त वेग बघतात? तेवढ्यात समोरून पोलिसांची गाडी राउंडअबाउटला वळली. मी काडतूस हिसकावलं, माझ्या डब्यातल्या चपात्यांखाली घातलं आणि झाकण दाबून धरलं. गाडी पूर्ण फेरी मारून निघून गेली. माझा हात झाकणावरून निघेना.

दादांनी तो हळूच बाजूला केला, काडतूस काढलं, उलटंपालटं केलं. त्यांचा चेहरा पडला.

"चार नंबर. हंसाला फार बारीक. आणि शिसं."

"दादा, आपण दोघं तुरुंगात जाऊ."

"मी स्टील लिहिलं होतं, ताई."

मी अरबाबांना फोन लावला. वीस मिनिटांत ते आले. त्या वीस मिनिटांत मी विमानाची वेळ नऊ वेळा पाहिली. त्यांनी काडतूस घेतलं, माफी मागितली आणि म्हणाले, "दुकान में स्टील मफी था, वाघमारे." मफी म्हणजे नाही.

दादा या माणसापुढे बावीस वर्षं मान खाली घालून उभे राहिलेले. त्या दिवशी मान वर होती. "स्टील मफी, तो शिकार भी मफी, सर."

अरबाबांनी काडतूस खिशात टाकलं. मग म्हणाले, "इंशाल्ला."

हायवेवर आल्यावर मी चिडून विचारलं, "बदकांसाठी एवढं? फ्लाइट गेली असती तर?"

दादांनी खिडकीबाहेर बघतच सांगितलं.

"छर्रा कमी पडला, की पक्षी जागेवर पडत नाही. उडून दूर जातो आणि पडतो. मग दोन-तीन दिवस तसाच पडून असतो, ताई. जवळ आपलं कोणी नसतं."

कोटाच्या सगळ्या खिशांची अस्तरं बाहेर लोंबत होती. त्यांनी ती आत घातली नाहीत.

विमानाला अजून अवकाश होता. तरीही यादीतली 'वेग मर्यादेत' ही ओळ मी त्या दिवशी पाळली नाही.