साळवे सिस्टरचं एक मिनिट

साळवे सिस्टरच्या दारात गेलेल्या माणसाला आधी मनगट पुढे करावं लागतं. मग तो दूधवाला असो, पार्सल घेऊन आलेला पोरगा असो, की मत मागायला आलेला उमेदवार. गॅसची टाकी आणणाऱ्याला त्या टाकी खाली ठेवायला लावतात, त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवतात आणि छातीला उलटं टाचलेलं आपलं नर्सचं घड्याळ दुसऱ्या हाताने उचलून त्यात बघत राहतात. तेवढा वेळ बोलायचं नाही. हलायचंही नाही. बऱ्याच वेळाने हात सोडून म्हणतात, "बहात्तर. जा आता."

कुणी चुळबुळ केलीच तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "नाडी पूर्ण मिनिट मोजायची असती. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करनारी नर्स आळशी."

मी भिंगारमध्ये त्यांच्या समोरच्या घरात राहतो आणि शाळेत चित्रकला शिकवतो. समोरासमोर राहिल्यामुळे गेल्या काही वर्षांत माझी नाडी जितक्या वेळा मोजली गेली, तितक्या वेळा माझ्या वर्गात हजेरीही झाली नसेल. प्रत्येक वेळी बहात्तर. मला आधी बरं वाटायचं. मग लक्षात आलं, की अख्ख्या गल्लीचीच बहात्तर आहे. दोन पायऱ्या चढून धाप लागणारा किराणा दुकानदार बहात्तर, आणि त्याची आठ महिन्यांची नातसुद्धा बहात्तर. एवढी एकी आमच्या गल्लीत दुसऱ्या कशाबाबत नाही.

सिस्टर मूळच्या पारनेरकडच्या एका खेड्यातल्या. सतराव्या वर्षी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आल्या आणि पुरुषांच्या वॉर्डाच्या सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. माझ्या बायकोने, मंदाने, एकदा धीर करून कारण विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "ड्युटी लागली हुती." नंतर त्यांनी मंदाची जीभ बघितली, ती पांढरी दिसते म्हणाल्या, आणि कोथिंबिरीची काडी मागायला गेलेल्या बाईला अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवलं. याला त्या 'निरीक्षणाखाली ठेवणं' म्हणतात. त्यांच्या घरात सगळंच निरीक्षणाखाली असतं. विरजण असतं, मांजर असतं, पाणी मारायची मोटर असते. नाताळ जवळ आला की अनारशाचं पीठ असतं. ते ओल्या फडक्याखाली झाकलेलं असतं आणि सिस्टर दिवसातून चार वेळा फडक्याचं टोक उचलून त्याच्याकडे अशा बघतात, की पिठालाही बरं होण्याशिवाय गत्यंतर नसावं.

फराळाच्या डब्यांवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली असतात. 'पाळक – शेव.' 'मंदा – लाडू, दोन जादा.' माझ्या डब्यावर तीन वर्षांपासून लिहिलेलं असतं, 'मास्तर – मीठ कमी.' मीठ कमी म्हणजे किती कमी? चकली खाताना आपण चकलीचं चित्र खातोय असं वाटावं इतकं. मी एकदा तक्रार केली. उत्तर आलं, "दिलंय ते खावा."

या सगळ्यावर मी हसत आलो होतो. यंदा मात्र मी रागावलो होतो, आणि त्याला कारण होतं. महिन्यापूर्वी आमच्या शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरने माझी नाडी अठ्ठ्याण्णव सांगितली. रक्तदाब मोजून त्याने मला आयुष्यभराची गोळी लिहून दिली. मी घरी येऊन मंदाला सांगितलं, तर ती म्हणाली, "दवाखान्यात चला म्हणून मी तीन वर्षं सांगतेय." मला भांडायला कुणीतरी दुसरं हवं होतं. मी तडक समोर गेलो. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "त्यांचं घड्याळ पुढं असंल."

तेव्हाच मी ठरवलं, की या बाईला एकदा पकडायचं. पुढच्या वेळी त्यांनी माझा हात धरला, की मोबाईल समोर ठेवून आपणही मिनिट लावायचं. बघू मग कुणाचं घड्याळ पुढं आहे ते.

ती संधी नाताळच्या दोन दिवस आधी आली.

आमच्याकडे डिसेंबरात स्वेटर बाहेर काढतात, छत्र्या नव्हे. पण कुठल्या तरी समुद्रात वादळ उठलं होतं आणि त्याचा त्रास आम्हाला होत होता. चार दिवस सूर्य नव्हता. पाऊस पडायचा, थांबायचा, पुन्हा पडायचा, आणि मधल्या वेळात वारा पत्रे वाजवायचा. शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला, उभी ज्वारी झोपली. बाजारात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. सणाची तयारी चालू होती, पण ती दुखवट्याला आल्यासारखी.

सकाळी सिस्टरना मागे बसवून मी स्कूटरवर बेकरीत गेलो. नाताळात आमच्याकडे घरून रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून आणायची अशी रीत आहे. त्या दिवशी दारात ओल्या बायकांची आणि ओल्या पिशव्यांची रांग लागली होती. बेकरीवाले गुलाबभाई भट्टीच्या तोंडाशी घामाने निथळत उभे होते. सिस्टरनी त्यांचाही हात धरला. रांग थांबली.

"बहात्तर," सिस्टर म्हणाल्या.

"भट्टीपुढं बी बहात्तर? मंग आपल्याला मरन न्हाई, सिस्टर," गुलाबभाई म्हणाले.

मी मनात म्हटलं, आज संध्याकाळी बघतो.

संध्याकाळी पाचला मी चांदणी टांगायला त्यांच्याकडे गेलो. दर नाताळात त्यांची चांदणी मीच करतो. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, आत दिवा. सिस्टर खुर्चीत बसून ती तपासतात आणि म्हणतात, "डावं टोक सुजलंय." यंदा कागदावर मी प्लॅस्टिक चढवलं होतं, तरी अर्ध्या तासात वाऱ्याने एक टोक फाडलं. मग वीज गेली. फाटलेली आणि विझलेली चांदणी दारात गरगर फिरत राहिली. तिची बाजू घेण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आत सिस्टरनी मेणबत्ती लावली. टेबलावर पंचवीस कप बशांसकट मांडून ठेवले होते. नाताळाआधी चर्चची मंडळी पेटी, ढोलकी घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरतात. सिस्टरचं घर त्यांचा शेवटचा मुक्काम असतो. तो शेवटचाच असावा असा सिस्टरचा हट्ट आहे, म्हणजे कुणाला पुढे जायची घाई नसते. गाणी झाली की सगळी ओळीने उभी राहतात, लहान मोठी सगळी, आणि सिस्टर एकेकाची नाडी बघतात. पोरं खिदळतात. नाडी झाली की चहा आणि फराळ. वीस पंचवीस माणसांचं हे काम तास दीड तास चालतं. वर्षभर बंद असलेली त्यांची बाहेरची खोली तेवढ्यासाठी झाडून पुसून ठेवलेली असते. गेले आठ दिवस त्या या एका संध्याकाळसाठी तळत होत्या.

आम्ही दोघं करंज्या डब्यात भरत होतो. पावसाचा पत्र्यावर एवढा आवाज होता, की बोलायची गरज नव्हती. सहाच्या सुमाराला फोन वाजला. सिस्टर फोन नेहमी स्पीकरवर लावतात, त्यामुळे चर्चच्या पाळकांचा आवाज मलाही ऐकू आला.

"सिस्टर, यंदा घरोघरी फिरायचं रद्द करतोय. पेटी भिजंल, पोरं आजारी पडतील. समदे हॉलमध्येच गाऊ. तुमाला आनायला गाडी पाठवू का?"

"नको," सिस्टर म्हणाल्या. "अनारशाचं पीठ निरीक्षणाखाली हाय. सोडून येता यायचं न्हाई."

अनारसे कालच तळून झाले होते. माझ्या हाताशी त्यांचाच डबा होता.

फोन ठेवून सिस्टर टेबलापाशी गेल्या आणि एकेक कप उचलून कपाटात पालथा घालायला लागल्या. पंचवीस कप आत ठेवायला खूप वेळ लागतो. मी बसून बघत होतो. मदत करायला उठावं, तर ते जास्तच वाईट दिसलं असतं. शेवटी, आपण कशासाठी आलो होतो ते आठवून म्हणा किंवा नुसतं बघत बसवेना म्हणून म्हणा, मी म्हणालो, "सिस्टर, माझी नाडी बघता का जरा?"

त्या लगेच आल्या. हात पदराला पुसला, खुर्ची ओढली, माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळ उचललं. मी दुसऱ्या हाताने टेबलाखाली मोबाईलवर मिनिट लावलं. माणूस किती कोता असतो, ते मला त्या दिवशी स्वतःवरून कळलं.

मिनिट झालं. सिस्टर बघतच होत्या. दीड मिनिट झालं. दोन झाली. मी मान वाकडी करून त्यांच्या घड्याळात डोकावलो. मेणबत्तीच्या उजेडात काटे दिसत होते. सव्वादोन वाजले होते. सेकंदाचा काटा सातावर होता आणि तो तिथून हलत नव्हता.

"सिस्टर," मी म्हणालो, "हे बंद आहे."

त्यांनी माझा हात सोडला नाही. घड्याळही खाली ठेवलं नाही.

"लॉकडाऊनमधी सेल संपला," त्या म्हणाल्या. "दुकानं बंद हुती. आन् दारात तरी कोन येत हुतं तवा? दूधवाला बी पिशवी फाटकाला अडकवून पळायचा."

"पण नंतर दुकानं उघडली की."

"उघडली. गेल्ते मी एकदा. वॉर्डात दिवसाला चाळीस हात यायचे माझ्या हातात, मास्तर. छत्तीस वर्सं. मंग एक दिवस हार घातला, नारळ दिला, आन् दुसऱ्या दिवसापासनं एक बी न्हाई. घरी आल्याला मानूस लांबूनच नमस्कार करतो. सेल घातला की मिनिट संपतंय, मास्तर. म्हनून न्हाई घातला."

मी मोबाईल उपडा केला. मला माझी शरम वाटली.

"आणि बहात्तर?" मी विचारलं.

"चांगला आकडा हाय. कोनी घाबरत न्हाई." मग त्यांचा आवाज पुन्हा वॉर्डातला झाला. "तुमची गोळी चालू ठिवा. तुमची लई पळती. तीन वर्सं झाली, बोटाला कळतंय मला, त्याला घड्याळ कशाला पायजे? मंदाला तवाच सांगितलं हुतं, मास्तरला दवाखान्यात ने म्हनून. तुमी ऐकता व्हय कोनाचं?"

शेल्फावर माझा डबा होता. चिकटपट्टीवरची अक्षरं एवढ्या अंधारातही वाचता येत होती. तीन वर्षं मी त्या चकल्यांना नावं ठेवत होतो.

पाऊस वाढला होता. बाहेर चांदणी दारावर आपटत होती. मी माझा हात सोडवून घेतला, आणि त्या उठायच्या आत त्यांचं मनगट धरलं.

"तुमाला येतंय?" सिस्टरनी विचारलं.

"नाही."

तरी त्यांनी हात काढून घेतला नाही. त्यांचा हात गार होता आणि बोटांना करंजीचा चुरा लागलेला होता. त्या ठेवतात तिथेच मी दोन बोटं ठेवली. आधी काहीच लागेना. मग खोलवर बारीकसं काहीतरी लागलं. ते मोजण्याइतकं ज्ञान मला नाही. मी थोडा वेळ गंभीर चेहरा करून बसलो आणि म्हणालो, "बहात्तर."

सिस्टरनी मेणबत्तीच्या उजेडात माझ्याकडे बघितलं. चुकलेल्या शिकाऊ नर्सकडे त्या अशाच बघत असतील.

"एवढ्यात?" त्या म्हणाल्या. "अर्धं मिनिट मोजून दुप्पट करनारी नर्स आळशी असती, मास्तर."

मी बोटं नीट ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.