किनारींचे विलीनीकरण

साहेबाच्या पडद्यावर जे दिसते ते असते. स्काल्बी नगरपालिकेचा सारा कारभार या एका सत्यावर उभा आहे. मी तिथे पत्रव्यवहार पाहतो. पुढे जी चौकशी समिती नेमली गेली तिचा सचिवही मीच होतो, त्यामुळे इथे सांगतो ते सगळे अधिकृत आहे. (जे अनधिकृत असते तेच खरे, असा एक प्रवाद आहे. समितीने तो विचारात घेतला नाही.)

आमच्या हद्दीत ह्वाले नावाचे एक बेट येते. बेटावर जायला रस्ता आहे, फक्त तो समुद्राच्या तळावरून जातो. ओहोटीला त्यावरून मोटारी जातात, भरतीला मासे. रस्ता कधी उघडतो आणि कधी बुडतो याचा तक्ता पूर्वी बेटावरच्या दुकानाच्या दाराला चिकटवलेला असे. तो वाचून कोणालाही कळायचा. इतकी उघडीवाघडी माहिती आधुनिक नगरपालिकेला शोभत नाही, म्हणून संपर्क विभागाचे प्रमुख प्रेबेन यांनी तो दारावरून काढून वेबसाइटवर नेला.

प्रेबेन यांना रेघांचा तिटकारा. रेघ म्हणजे गोंगाट, हे मत त्यांनी कोपनहेगनच्या एका कार्यशाळेतून आणले होते, आणि येण्याजाण्याचा खर्च नगरपालिकेने दिला असल्याने ते मत आता नगरपालिकेचे होते. पान लिहिणारा आस्गर त्यांना म्हणाला की दोन दिवसांच्या मध्ये काहीतरी हवे, नाहीतर लोक चुकतील. बऱ्याच बैठका झाल्या. अखेर केसाएवढी एक फिकट राखाडी रेघ मंजूर झाली, ती प्रत्येक ओळीच्या खाली द्यायची. बदल्यात प्रेबेन यांनी एक सुधारणा सुचवली. ओळीत वाराचे नाव तळाशी असावे आणि वेळा माथ्याशी, म्हणजे पानाला भारदस्तपणा येतो. तो आला.

इथे तक्त्याच्या शास्त्राविषयी थोडे सांगणे भाग आहे. तक्त्यात खऱ्या असतात त्या चौकटी. ओळ ही नुसती मानलेली गोष्ट. त्यामुळे पानाच्या वेशभूषेच्या नियमांत (त्यांना सीएसएस म्हणतात) 'ओळीला किनार द्या' (किनार म्हणजे रेघच) असे लिहिले, तर एखादा ब्राउझर ती देतो आणि दुसरा ऐकून घेतो व काहीच करत नाही. हा दुसरा प्रकार आमच्या कार्यालयात कोणाला परका वाटू नये. प्रेबेन यांच्या पडद्यावर रेघ आली. म्हणजे रेघ होती.

ह्वालेवर लॉरिट्स नावाचा म्हातारा होड्या दुरुस्त करायचा. तो वसंतात वारला. त्याला मुख्य भूमीवरच्या दाहगृहात न्यायचे ठरले. गुरुवारी एर्लिंग शववाहिका घेऊन बेटावर आला आणि परतीची शेवटची वेळ काय म्हणून त्याने लॉरिट्सच्या बायकोला, थोराला, विचारले. तिने घरातला जुना संगणक उघडला. तिच्या ब्राउझरने रेघ दिली नव्हती. रेघ नसली की तळाशी बसलेल्या गुरुवारच्या नावाला खालच्या शुक्रवारच्या वेळा येऊन चिकटतात, आणि आमचा समुद्र रोज आदल्या दिवसापेक्षा तासभर उशिरा येतो. म्हणजे थोराने वाचले त्याच्या तासभर आधीच तो येणार होता. बायकांनी केक भाजले होते. वेळ आहे असे समजून सगळ्यांनी दुसऱ्यांदा कॉफी घेतली.

अर्ध्या वाटेवर पाणी चाकांना लागले, मग दारांना. अडकलेल्यांसाठी तिथे एक लाकडी मचाण आहे. एर्लिंगने थोराला वर चढवले आणि तोही चढला. लॉरिट्स गाडीतच राहिला. (मृताच्या प्रकृतीवर घटनेचा कोणताही अनिष्ट परिणाम झाला नाही, असे अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे.) पाणी काचांपर्यंत चढले तसा एर्लिंग माफी मागू लागला. असे त्याच्या हातून कधी झाले नव्हते.

"तू कशाला माफी मागतोस?" थोरा म्हणाली. "वेळ मी बघितली."

पाण्यावर आता गाडीचा काळा टप तेवढा उरला होता.

"लॉरिट्सला पोहता यायचं नाही," ती म्हणाली. "जन्मभर होड्या नीट केल्या, पण पाण्यात कधी पाय घातला नाही."

थोरा हसायला लागली, आणि ते हसू कुठे संपले आणि रडू कुठे सुरू झाले हे मध्ये रेघ नसल्यामुळे एर्लिंगला सांगता आले नाही. बचाव बोट आली तेव्हा ती एवढेच म्हणाली की याला आता घरी न्या, हा रस्ता त्याला पुन्हा दाखवायचा नाही. लॉरिट्सला बेटावरच, वाळूच्या टेकडीमागे, पुरले.

नगरपालिकेने तत्परतेने समिती नेमली. समितीने सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर पान उघडले. रेघ होती. कामकाज इथेच संपायचे, पण थोरा आपला संगणक घोंगडीत गुंडाळून घेऊन आली आणि तिने तो टेबलावर ठेवला. त्यावर रेघ नव्हती.

"रेघ आहे, थोरा," प्रेबेन समजुतीने म्हणाले. (आमच्याकडे सगळे एकमेकांशी एकेरीत बोलतात, नकारसुद्धा एकेरीतच मिळतो.) "तुझ्याकडे ती दिसत नाही, एवढंच."

"मग माझा नवराही बुडाला नाही," थोरा म्हणाली. "माझ्याकडे तो ओला दिसला, एवढंच."

इतिवृत्तात मी लिहिले, 'नागरिकाने अलंकारिक भाषा वापरली.'

आस्गरने उपाय सांगितला. ओळीचा नाद सोडावा आणि खालची किनार एकेका चौकटीला द्यावी, चौकट कुठलाच ब्राउझर नाकारत नाही. त्याने ते बसल्या बसल्या करून दाखवले. थोराच्या पडद्यावर रेघ उमटली. ती पुढे वाकली, बोट लावून गुरुवार पाहिला, शुक्रवार पाहिला आणि मान डोलावली. पण चौकटी एकमेकींपासून अंग चोरून बसतात, मध्ये फट राहते. त्यामुळे रेघ जागोजागी तुटली होती.

"ही रेघ आहे की दात पडलेलं तोंड?" प्रेबेन यांनी विचारले. समितीने सौंदर्याचा मुद्दा ग्राह्य धरला आणि चौकटींची किनार काढायला लावली. माणसे बुडणे हा अपघात असतो, पण तुटकी रेघ हा निष्काळजीपणा, याबद्दल दुमत नव्हते.

तेव्हा आस्गर म्हणाला, "एकच आज्ञा लिहायची राहिलीय. शेजारशेजारच्या किनारी विलीन करायच्या. मग रेघ सलग येते, आणि ओळीलासुद्धा देता येते."

सभागृहात सगळ्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. दोष आस्गरचा होता, त्याने तो शब्द उच्चारला होता. आमची नगरपालिका मुळात तीन नगरपालिकांच्या विलीनीकरणातून झाली. त्या वेळी ह्वालेची शाळा गेली, डॉक्टर गेला, आणि लोक इतके भडकले की यापुढे 'कोणतेही विलीनीकरण' मतदानाशिवाय होणार नाही असा ठराव करावा लागला. विधी विभागाने ठराव पुन्हा वाचला. किनारींना त्यातून वगळल्याचे कुठे आढळले नाही.

"मी तो शब्दच वापरत नाही," आस्गर म्हणाला. "नुसतं जोडायच्या म्हणतो."

शब्द आज्ञेतच आहे, आणि आज्ञा बदलण्याचा अधिकार नगरपालिकेला नाही, असे त्याला समजावण्यात आले. तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. हल्ली तो ओडेन्सला पाव भाजतो असे ऐकतो.

मतदान झाले. लोकशाहीत याहून सुंदर दृश्य मी पाहिलेले नाही. प्रश्न सुटसुटीत होता: 'किनारींच्या विलीनीकरणास आपली संमती आहे काय?' सविस्तर खुलासा मीच लिहून वेबसाइटवर ठेवला होता. मुख्य भूमीवरच्या लोकांपैकी फारसे कोणी फिरकले नाही. ह्वालेहून मात्र झाडून सगळे आले, अंथरुणावरचे म्हातारेही उचलून आणलेले, आणि त्यांनी एकमुखाने नाही म्हटले.

मी पुढच्या आठवड्यात ह्वालेला गेलो. थोरा बटाटे लावत होती.

"तूही नाहीच म्हणालीस?" मी विचारले.

"म्हणणारच. शाळा घेतली, डॉक्टर घेतला, आता म्हणे किनारा हवा. लॉरिट्स तिथं आहे."

मी तिला सांगितले की किनारा नव्हे, किनार. तक्त्यातली. तिने मागितलेली रेघच ती. थोरा ताठ उभी राहिली आणि हातांवरची माती झटकत राहिली, हात स्वच्छ झाल्यावरही.

"मग तसं सांगायचंत ना."

"लिहिलं होतं. तू वाचलं नाहीस."

"वाचायला मी पुन्हा तुमच्याच वेबसाइटवर जाऊ?"

समितीच्या दृष्टीने हे उत्तर उद्धट असले तरी विषयाला धरून आहे. प्रकरण बंद झाले आहे. तक्ता वेबसाइटवर होता तसाच आहे, आणि त्याखाली एक सूचना घातली आहे की रेघ दिसत नसेल त्यांनी ब्राउझर बदलावा. प्रेबेन यांना सुबोध मांडणीचा प्रादेशिक पुरस्कार मिळाला.

आता आपण ह्वालेच्या लोकांना हसाल. शब्द पाहिला, मजकूर वाचला नाही, आणि आपल्याच भल्यावर फुली मारून मोकळे झाले. अवश्य हसा. पण आज सकाळपासून आपल्या पडद्याच्या तळाशी एकामागून एक चौकटी उगवल्या आणि आपण भराभर 'मान्य आहे' दाबत आलात. त्यांतल्या एकीत तरी काय लिहिले होते ते सांगता येईल? ह्वालेच्या लोकांनीही वाचले नव्हते. त्यांनी निदान नाही म्हटले.