सलीमचाचाचं सावकाश गाव

आमच्या पौडच्या पेठेतला सलीमचाचा टेलर कॉम्प्युटर बंद करायच्या आधी त्यातली माणसं झोपलीत का ते बघतो. एक जरी माणूस रस्त्यात दिसला तर खुर्ची ओढून बसून राहतो. "घरला तर जाऊ दी त्याला," म्हणतो. आणि कॉम्प्युटर इतका मंद, की तो माणूस घरी पोचेपर्यंत आपला दोनदा चहा होतो.

त्या कॉम्प्युटरवर गाव वसवायचा गेम मीच घालून दिला होता. मी हिंजवडीत एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि सुट्टीला पौडात येऊन लोकांच्या नकला करतो. चाची गेल्यावर चाचा दुकानात नुसती कात्री उघडमिट करत बसायचा. म्हटलं, घ्या, गाव वसवा. विहीर खणा, घरं बांधा, हवं ते नाव, हवे ते कपडे देऊन माणसं सोडा. ती आपली आपण राबतात, म्हातारी होतात, मरतात. आपण देवासारखं वरून बघायचं.

"देव नगं," चाचा म्हणाला. "टेलर बरा. माप घ्यायचं आन गप बसायचं."

चाचाला माणूस नावाने आठवत नाही, मापाने आठवतो. रस्त्याने कुणी गेलं की चष्म्यावरून बघत म्हणणार, "छाती चाळीस, डावा खांदा उतरता. दूधवाल्याचा मेव्हणा." मी त्याची ही नक्कल करायचो. त्याला कळलं तेव्हा एवढंच म्हणाला, "झ्याक करतुयास. पर मी टेप उजवीकडं लांब सोडतो."

एका रविवारी दुपारी मी त्याच्या मागे उभा राहून स्क्रीन बघत होतो. विहिरीवर एक म्हातारा. निळी बंडी, एक पाय जरा ओढत चाललेला.

"चाचा, ह्यो कोण?"

"तुझा आजा. बंडी मीच शिवलीया."

माझे आजोबा मी शाळेत असतानाच गेले. मी पुढची माणसं बघायला लागलो. बेकरीवाले अनिसभाई. आमच्या शाळेतले शिपाईमामा, ढगळ खाकी शर्टात. मेंढरांमागे धोंडीबा, लाल मुंडासं. सगळे ओळखीचे, आणि एकही हयात नाही. पत्रा तापला होता, पंखा गरम वारा मारत होता, आणि मी एकेक चेहरा परत परत बघत होतो.

"जित्तं कुणीच न्हाई व्हय ह्यात?"

"जित्त्यांना जागा हाय की भाईर," चाचा सुई ओवत म्हणाला.

ओट्यावर हिरव्या ओढणीतली एक बाई तांदूळ निवडत होती. तिच्याबद्दल मी विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात चाचाच्या मुलीचा, रुबीनाताईचा, पुण्याहून फोन आला. "अब्बांचा कॉम्प्युटर लई रखडतोय. नवं सामान पाठवते, तेवढं बसवून दे रे."

सामान घेऊन गेलो. चाचाला त्याच्याच भाषेत समजावलं. "प्रोसेसर म्हणजे टेलर. रॅम म्हणजे कापायचं टेबल. तुमचा टेलर म्हातारा, टेबल बारकं, आणि गिऱ्हाइकं दोनशे. कुणी कुठं जायचं, कधी जेवायचं, हे तो एकेकाला सांगत बसतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे इस्त्रीवाला. तो बिचारा रिकामा बसलाय."

"म्हंजे मला काडून तरणा टेलर बसवणार."

"तसंच समजा."

"बसव. लेक म्हणतीया तर."

जुनं काढलं, नवं बसवलं, गेम लावला. मी ऐटीत बाजूला झालो.

गावात सूर्य उगवला आणि मावळला. परत उगवला. माणसं मुंग्यांसारखी सुटली. भात लावला, पिवळा पडला, कापलासुद्धा. चाचा आधी हसला. मग खाली पट्टीवर इंग्रजीत ओळ आली, अनिसभाई वारले. तिच्या मागोमाग धोंडीबा. ओट्यावरच्या बाईचे केस आमच्या डोळ्यांदेखत पांढरे झाले. तिच्या हातात काठी आली.

"हळू कर," चाचा म्हणाला.

"हळू करायचं बटण नाही ह्यात. जेवढा टेलर तरणा, तेवढं गाव पळणार." मी गेम जागेवर थांबवला. "हे घ्या. थांबलं."

ती बाई काठी उचललेली तशीच राहिली. चाचाने तिच्याकडे बघितलं आणि स्क्रीनवरच्या तिच्या हातावर बोट ठेवलं. "आसं नगं. शेवटच्या दिशी आशीच निजली व्हती. हात बी हालत नव्हता."

त्याने उठून भिंतीतली पिनच उपसली. स्क्रीन काळी झाली. तिच्यात आम्ही दोघंच.

"सकाळचं गाव मिळंल का परत?"

"मिळेल. सकाळी तुम्ही सेव्ह केलंय तिथून."

"मग माझा म्हातारा टेलर बसव."

मी नवं सामान काढून जुनं जोडलं. गेम उघडेस्तोवर चाचा खुर्चीच्या कडेवर बसून होता. शेवटी गाव आलं. अनिसभाई बेकरीच्या दारात, आजोबा विहिरीवर, आणि ओट्यावर ती, केस काळे. तिने सुपातून मूठभर तांदूळ उचलले. ती मूठ उघडायला केवढा वेळ लागला. तेवढ्या वेळात चाचाने चष्मा काढून, पुसून परत लावला.

माझा फोन वाजला. रुबीनाताई. मी काही बोलायच्या आत चाचाने फोन मागून घेतला.

"व्हय बेटा, बसवलं. लई पळतंय आता," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने खुर्ची स्क्रीनच्या आणखी जवळ ओढली.