उल्हासरावांची स्वावलंबी पाठ

मनुष्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या खाली, तळहाताएवढा एक प्रदेश असा आहे की जिथे त्याचा स्वतःचा हात पोचत नाही. देश स्वतंत्र झाला तरी हा प्रदेश परावलंबीच राहिला. केंद्र सरकारात अवर सचिव असलेल्या उल्हासरावांच्या बाबतीत तो त्यांच्या पत्नी अलकनंदाबाईंच्या अखत्यारीत होता.

व्यवस्था जुनीच होती. ऑफिसातून आल्यावर उल्हासराव दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात बनियन वर करून बसत आणि "अगं, जरा बघ गं" एवढा तोंडी आदेश काढत. कार्यवाही तत्काळ होई, पण सदोष. वर म्हटलं की अलकनंदाबाई डावीकडे जात. शिवाय खाजवता खाजवता बोलत: आपल्या मैत्रेयीला गणित जड जातंय, गीझर बिघडलाय, मला इथे फार एकटं वाटतं हो. उल्हासराव "हं" म्हणत. (हा हुंकार खाजेला उद्देशून होता की मजकुराला, याबाबत खुलासा कधीच झाला नाही.)

मग बाजार खुला झाला. उल्हासरावांनी द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट घेतला, आणि पडदे घ्यायला करोल बागेत गेले असता पाठ खाजवायचा एक लाकडी पंजाही घेतला. लांब दांडा, पुढे वाकडी बोटं. त्याचे लाभ निर्विवाद होते. तो सांगितल्या जागी जाई. त्याला माहेर नव्हतं. गीझरशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कार्यक्षमता शंभर टक्क्यांनी वाढली (पाहणी उल्हासरावांच्या पाठीने केली), आणि ते पाहुण्यांना सांगू लागले, "बिल्कुल सेल्फ-डिपेंडंट! आता हिला त्रास नाही." अलकनंदाबाई चहाचे कप उचलून आत जात.

पुढे स्वच्छतेच्या कारणास्तव मायलेकींनाही स्वतंत्र पंजे मंजूर झाले. तिघं तीन खोल्यांत आपापली पाठ खाजवू लागली. घरात अशी काही शांतता नांदू लागली, की फ्लॅट घेतल्याचं सार्थक झालं असं उल्हासरावांना वाटे.

जूनमध्ये एका संध्याकाळी गेटवरच्या गार्डने त्यांना सलाम ठोकून विचारलं, "साहब, मॅडम के सामान की गाडी संडे को ही आएगी ना?" उल्हासराव सवयीने "हं" म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर घाबरले.

वर खोकी बांधणं चाललं होतं. मैत्रेयीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, अलकनंदाबाईंना तिथल्याच एका शाळेत नोकरी. राहायला घरही पाहून झालं होतं.

"अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार?" अलकनंदाबाई सुतळीला गाठ मारत म्हणाल्या. "समोर आलं की तुम्ही पेपर आडवा धरता. इतकी वर्षं मी सगळं पाठीलाच सांगत आले. आता तीही मिळत नाही."

उल्हासरावांना रडू आलं. पण रडण्याची पद्धत माहीत नसल्याने ते अलकनंदाबाईंकडे पाठ करून खोक्यावर बसले आणि त्यांनी शर्ट वर केला. "थोडं खाजवतेस?"

अलकनंदाबाईंचा हात सुतळीवरच राहिला. मैत्रेयीने तत्परतेने पंजा आणून दिला. "पप्पा, हे घ्या ना. आई बिझी आहे, यार."

वाचकांना यात उल्हासरावांची गंमत वाटली असल्यास हरकत नाही. मात्र इतका वेळ खाजेविषयी वाचल्यावर एव्हाना तुमचीही पाठ हुळहुळत असेल. हात पोचतो का, बघा. नाही ना? मग घरात कुणाला तरी हाक मारा. आम्ही थांबतो.