सातव्या वळणावरचं पाणी

पाण्याला कुठे जायचं ते सांगावं तर मीच, असं मी त्या रविवारी वीस माणसांसमोर म्हणालो. आता वाटतं, निदान आवाज तरी जरा खाली ठेवायचा.

पण बोललो ते उगाच नव्हे. बावीस वर्षं फरशी बसवतोय. माझ्या हातच्या बाथरूममध्ये बादली उलटी करा, पाणी गुमान जाळीपाशी जातं, वाटेत कुठे रेंगाळत नाही. सगळे मला मिस्त्री म्हणतात, फक्त माझी थोरली बहीण सोडून. ती मला अजून "अरे" म्हणते.

ताई इस्पितळात नर्स आहे. आठवडाभर पेशंटना दटावते आणि रविवारी गावामागच्या टेकडीवर आम्हाला. तिथे सायकलचा ट्रॅक करायचं तिनेच मनावर घेतलं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत हातभर रुंदीची वाट, बारा वळणं, आणि एकही यंत्र नाही. कुदळ, फावडं, घमेलं, बस्स. शिंपी, बँकेतला कारकून, दाताची डॉक्टरीण, एक पोस्टमन, सगळे सकाळी सातला हजर. मी सायकल चालवत नाही. पण ताई म्हणाली, "सातव्या वळणाला चिकणमाती आहे, नीट हात हवा," आणि मी वर लिहिलंय ते वाक्य बोलून बसलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"वळणाची बाहेरची बाजू उंच हवी, म्हणजे सायकल घसरत नाही," ताई म्हणाली. "पण वळणाच्या आधी आणि नंतर पाण्याला वाट ठेव. पाणी साचलं की ट्रॅक संपला. वनखात्याने एकाच वर्षाची परवानगी दिलीय, पुढच्या महिनाअखेरीला वनाधिकारी बाई पाहणीला येणारेत."

"पाण्याचं माझ्यावर सोड," मी म्हणालो.

तेवढ्यात तिला इस्पितळातून फोन आला आणि पुढचे तीन रविवार तिची ड्यूटी लागली. मी ते वळण एकट्याने केलं. बाहेरची भिंत कंबरेइतकी उचलली. माती चाळून घेतली, पाणी मारलं, धुमसाने चोपली, वर थापी फिरवली. वरची खडी आत येऊ नये म्हणून वळणाच्या दोन्ही तोंडांना छानपैकी उंबरा केला, दरवाज्याला करतो तसा. लोक हातातली कामं टाकून बघायला यायचे. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि "वा" म्हणाल्या. घरी मी बायकोला फोटो दाखवला. तिने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"छान आहे," ती म्हणाली. "यात आंघोळ कोण करणार?"

मी ते हसण्यावारी नेलं. बायकांना सायकलच्या वळणातलं काय कळतं, असंही मनात म्हणालो. (हे तिला अजून माहीत नाही.)

मग दोन दिवस पाऊस झाला. रविवारी ताई परत आली आणि नेहमीप्रमाणे पोस्टमनला वरून चाचणीला सोडलं. हा माणूस आठवडाभर सायकलवरून पत्रं वाटतो आणि सुट्टीच्या दिवशी विश्रांती म्हणून पुन्हा सायकल चालवतो. आम्ही पायथ्याशी घड्याळ लावून उभे. चार मिनिटांत यायला हवा होता. दहा मिनिटं झाली. पंधराव्या मिनिटाला तो चालत आला. छातीपर्यंत चिखल, एका पायात बूट.

"सातव्या वळणावर पाणी आहे," तो म्हणाला.

"किती?" ताईने विचारलं.

"माझी सायकल सापडत नाहीये."

आम्ही वर धावलो. वळण नव्हतंच. गढूळ पाण्याचं एक टुमदार तळं होतं. माझी भिंत, माझे दोन उंबरे, आणि मध्ये मांडीभर पाणी. थेंब गळत नव्हता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही मला कामाचा थोडा अभिमान वाटला.

सायकल बांबूने शोधून काढली. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "पाहणीला दहा दिवस आहेत. हे बाईंनी पाहिलं तर आपण सगळे घरी. वर्षभराचं काम आहे, रे."

त्या "रे"मुळे मला दोन दिवस झोप लागली नाही. मंगळवारी एक गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडलं, कुदळ खांद्यावर टाकली आणि एकटाच टेकडीवर गेलो. खालचा उंबरा फोडायचा, पाणी सोडून द्यायचं, झाकली मूठ झाकलेलीच राहील.

तळ्याच्या काठावर घडीच्या स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. हातात भिंग. मी त्यांना ओळखलं आणि पाय जागीच थबकले. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाई रोज टेकडीवर फिरायला येतात. सायकलवाले टेकडीची नासधूस करतात, अशी त्यांची तीन पत्रं वनखात्याकडे गेली होती. चौथ्या पत्राचा मजकूर माझ्यासमोर भरून उभा होता.

"हे तळं कोणी बांधलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

नाही म्हणायची सोय नव्हती. हातात कुदळ होती. "मी."

"मुद्दाम?"

आता बघा, "नाही, चुकून" हे दोन शब्द आहेत. मलाही ते येतात. पण बावीस वर्षांत मी ते गिऱ्हाइकाला कधी म्हटले नव्हते. मी म्हणालो, "अर्थात. पाणी टिकावं म्हणून तर चिकणमाती चोपून घेतली."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पाण्यात साबुदाण्यासारखे दाणे तरंगत होते.

"बेडकांची अंडी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अकरा वर्षांनी पाहतेय मी या टेकडीवर. खालची डबकी बुजवल्यापासून बेडूक गेलेच होते. मी तुमच्याबद्दल भलताच समज करून घेतला होता हो. कुदळ कशाला आणलीत?"

"थोडी डागडुजी," मी म्हणालो, आणि त्यांच्यादेखत वरचा काठ आणखी पक्का करून आलो.

घरी कोणाला काही बोललो नाही. ताईने फोनवर विचारलं, "फोडलास का?" मी म्हणालो, "काम केलंय." तेही तसं खोटं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी वनाधिकारी बाई आल्या. सोबत त्या जीवशास्त्राच्या बाई. ताईने ट्रॅकचा नकाशा उघडला, तर अधिकारी बाई म्हणाल्या, "ते राहू द्या. आधी तुमच्या मिस्त्रींचं बेडूकतळं दाखवा. सहा पानी पत्र आलंय."

ताईने माझ्याकडे पाहिलं. इंजेक्शन देण्याआधी ती पेशंटकडे असंच बघत असणार.

तळं तुडुंब होतं. आता त्यात शेपट्या वळवळत होत्या. अधिकारी बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "मी पंधरा वर्षं या खात्यात आहे," त्या म्हणाल्या. "वाट करताना जनावरांचा विचार करणारे लोक पहिल्यांदा भेटले." आणि तिथेच सांगून टाकलं, परवानगी एका वर्षाऐवजी पाच वर्षांची. अट एकच. तळ्याला हात लावायचा नाही. वळण वरच्या अंगाने न्यायचं.

वरच्या अंगाला कातळ आहे. सलग, काळा, आणि कोणाचं ऐकून न घेणारा. सहा रविवार आम्ही तिथे पहारी आपटल्या. पाच वर्षांच्या आनंदात पहिला रविवार बरा गेला. तिसऱ्या रविवारी शिंप्याच्या तळहाताला फोड आले. खालून बेडूक ओरडू लागले की पोस्टमन पहार टेकून ऐकायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, तुमची गिऱ्हाइकं समाधानी दिसताहेत." ताई माझ्याशी फक्त हत्यारांपुरतं बोलत होती. "पहार दे." "घमेलं घे." मी मुकाट्याने सर्वांच्या दुप्पट खणलं. पाचव्या रविवारी तिने आपल्या डब्यातला अर्धा भाग माझ्यापुढे सरकवला, तेव्हा कळलं की मिटलं.

तिथेच हे संपलं असतं, तर मी ही गोष्ट जरा वेगळ्या थाटात सांगितली असती. पण वनाधिकारी बाईंचा फोन आला. पलीकडच्या उतारावर पाखरांसाठी तसंच एक तळं हवं होतं. "तुमच्या हातात कला आहे," त्या म्हणाल्या. मी नवा शर्ट घालून गेलो.

या वेळी सगळं शास्त्रशुद्ध केलं. दोरी लावली, लेव्हल धरली, चारही काठ एका पातळीत आणले. माती तीनदा चोपली. मातीत खडीसारखा मुरूम जरा जास्त होता, पण मी म्हटलं, हात कोणाचा आहे. जीवशास्त्राच्या बाईंनी काठावर लावायला रोपं आणली. अधिकारी बाईंनी खात्याची पाटी आधीच रंगवून घेतली होती, त्यावर तळ्याचं चित्र होतं.

रात्रभर मजबूत पाऊस झाला. सकाळी आम्ही सगळे पाटीपाशी जमलो. तळ्याच्या तळाशी एक कोरडं पान पडलं होतं. जीवशास्त्राच्या बाईंनी भिंग पर्समध्ये ठेवून दिलं.

ताई खाली उतरली. बूट घासून माती पाहिली, उकिडवी बसली, हात लावला. मग माझ्याकडे बघून अगदी मनापासून म्हणाली,

"हे बघ, असं गेलं पाहिजे पाणी. सातव्या वळणावर मला एवढंच हवं होतं."