रिक्वायरकाकांचा निरोपसमारंभ

रिक्वायर हे पाणीवाटपाच्या आमच्या संगणकी करारातलं अंगभूत फंक्शन एकतीस मार्चला सेवानिवृत्त होणार होतं, म्हणून वडनेरच्या पाणीवाटप संस्थेने त्याचा निरोपसमारंभ ठेवला. अंगभूत म्हणजे करार ज्या संगणकी भाषेत लिहिलाय तिच्याबरोबरच जन्मलेलं. आम्ही ते लिहिलं नाही की नेमलं नाही. फंक्शनांचं निवृत्तीचं वय सहा वर्षं असतं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांचं काम एकच. पाण्याच्या पाळीचा कुठलाही व्यवहार आला, की अट पुरी झाली का ते पाहायचं. झाली असेल तर जाऊ द्यायचं, नसेल तर सगळं होतं तसं परत करायचं. माणसांची झालेली दमणूक तेवढी मागे फिरत नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याने रांग मोडून पाणी घेतलं, तर काकांनी ते भिजल्या मातीतून पुन्हा कालव्यात नेलं. मी संस्थेचा लिपिक. हे सांगताना आजही माझी छाती फुगते.

अध्यक्ष दौलतअण्णा ढोमसे चाळीस मिनिटं बोलले. शाल, श्रीफळ, पेढे झाले. काकांनी जन्मात कराराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांना एकदा समुद्र बघायचा होता. साडेपाचच्या गुहागर गाडीत मी त्यांच्यासाठी खिडकीची जागा आरक्षित केली होती.

मग अण्णांनी निवृत्तीचा आदेश त्यांच्या हातात दिला. काकांनी तो वाचला.

"संचालकांच्या अकरा सह्या लागतात. दहाच आहेत."

"वत्सलाताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात," अण्णा म्हणाले. "त्यांची संमती गृहीत धरली. नेहमीच धरतो आपण."

"तुम्ही धरता. मी नाही धरत."

"अहो, आज तुमचाच कागद आहे! करा की थोडी डोळेझाक. आता हुकलं तर ठराव पुन्हा सहा वर्षांनीच मांडता येतो."

काकांनी सह्या पुन्हा मोजल्या. मला राहवलं नाही.

"काका, तुम्ही गाडीत बसा. ताईंची सही मी मागाहून आणतो."

"मागाहून आलेली सही अटीत बसत नाही, शिरसाट," ते म्हणाले, उठले आणि सगळं होतं तसं परत केलं.

शाल घडीसकट दुकानात गेली. नारळ झाडावर गेला. खाल्लेले पेढे खोक्यात आले, मधुमेही अण्णांचे चारही. खिडकीची जागा रद्द करावी लागली नाही, कारण ती कुणी घेतलीच नव्हती. भाषणही झालं नव्हतं. अण्णांचा घसा मात्र बसलेला होता.

काका आपल्या जागेवर जाऊन बसले. "पुढचं काय आहे?" त्यांनी विचारलं.

मला रडू आलं. इतका अभिमान मला माझ्या पोराच्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता. मी टाळी वाजवली, मग अण्णांनी, मग साऱ्या सभेने.

काकांनी मान वर करून नेहमीसारखी अट तपासली. टाळ्यांना कुठलीच अट नव्हती. त्यांनी त्या जाऊ दिल्या.